बेरीज कोण करतं? ओपिऑइड लिहून देणाऱ्या डॉक्टरांना खुलं पत्र

प्रति,
सर्जन, भूलतज्ज्ञ, फिजिशियन, पेन क्लिनिक आणि उपशामक सेवेतली सर्व डॉक्टरमंडळी

स.न.वि.वि.

मी क्लिनिकल फार्मासिस्ट आहे. तुमच्यापैकी प्रत्येक जण आपापली चिठ्ठी लिहितो आणि पुढच्या रुग्णाकडे वळतो. त्या सगळ्या चिठ्ठ्या एका जागी येतात त्या माझ्या टेबलावर, आणि तेही रुग्णाने सगळी औषधं एकाच ठिकाणाहून घ्यायची ठरवली तरच. त्यामुळे मला जे दिसतं ते बरेचदा तुम्हाला दिसत नाही. ते दिसावं एवढ्यासाठी हे पत्र.

एक नेहमीच्या वळणाची फाइल डोळ्यांपुढे आणा. पाठीच्या जुनाट दुखण्यासाठी पेन क्लिनिकने फेन्टानिलचा पॅच दिलेला आहे, तासाला २५ मायक्रोग्रॅमचा. पुढे गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सर्जनने घरी सोडताना ट्रॅमाडॉल लिहिलं, ५० मिलिग्रॅम, दिवसातून चार वेळा. आठवड्याने खोकला सुरू झाला तेव्हा फिजिशियनने कोडीनचं सिरप दिलं, दहा मिलिग्रॅम चार वेळा. आणि पोट बिघडलं तेव्हा कुणालाही न विचारता घरातल्या डब्यातली लोपेरामाइडची गोळी घेतली गेली. प्रत्येक मात्रा आपापल्या जागी निर्दोष आहे. पाठ्यपुस्तक उघडून कुणालाही दोष देता येणार नाही. फक्त एवढंच की चारही औषधं ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीची आहेत, आणि चारही एकत्र आहेत हे कुठल्याच कागदावर नाही.

माझं मागणं एवढंच आहे: ओपिऑइड घेणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत ही बेरीज कुणीतरी एकाने करावी, ती कागदावर लिहावी आणि खाली आपलं नाव घालावं. बाकीचं पत्र ही बेरीज का करायची आणि नुसत्या बेरजेने का भागत नाही, याबद्दल आहे.

आधी सोपा भाग. १९७३ मध्ये तीन वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी मेंदूत ओपिऑइडचे रिसेप्टर, म्हणजे औषध जिथे चिकटून काम करतं त्या जागा, असल्याचं दाखवून दिलं. पुढे त्यांचे म्यू, कॅपा आणि डेल्टा असे प्रकार पडले. मॉर्फिन, फेन्टानिल, ऑक्सिकोडोन, हायड्रोमॉर्फोन, मेथाडोन ही सगळी मुख्यतः म्यू रिसेप्टरवर पूर्ण जोराने काम करतात. वेदना कमी होते ती तिथूनच, आणि श्वास मंदावतो तोही तिथूनच. कोडीन स्वतः दुबळं असतं, पण शरीरात त्याचा काही भाग मॉर्फिन होतो. म्हणजे नावं, कंपन्या, गोळी-सिरप-पॅच हे बाह्य रूप कितीही वेगळं असलं तरी मेंदूच्या देठातल्या श्वासाच्या केंद्राला त्या फरकाशी देणंघेणं नाही. त्याच्यापर्यंत पोचतो तो एकत्रित परिणाम. 'मॉर्फिन चालू आहे, पण खोकल्याचं सिरप वेगळं' हा विचार शरीराच्या हिशेबात कुठेही बसत नाही.

म्हणून मॉर्फिन-समतुल्य मात्रेची पद्धत आली: प्रत्येक औषधाची दिवसाची मात्रा ठरलेल्या गुणकाने गुणायची, म्हणजे ती किती मॉर्फिनइतकी हे कळतं. अमेरिकेच्या सीडीसी या सार्वजनिक आरोग्य संस्थेच्या २०२२ च्या तक्त्याप्रमाणे वरची फाइल मांडून बघा. पॅचचे २५ गुणिले २.४, म्हणजे ६०. ट्रॅमाडॉल दिवसाला २०० मिलिग्रॅम गुणिले ०.२, म्हणजे ४०. कोडीन ४० गुणिले ०.१५, म्हणजे ६. एकूण १०६ मिलिग्रॅम तोंडाने घेतलेल्या मॉर्फिनइतकं. त्याच संस्थेने २०१६ मध्ये सांगितलं होतं की दिवसाला ५० च्या वर जाताना थांबून विचार करा आणि ९० किंवा त्याहून जास्त शक्यतो टाळा. या रुग्णाने ९० ची रेघ ओलांडली आहे, आणि ती ओलांडण्याचा निर्णय तुमच्यापैकी एकानेही घेतलेला नाही.

गंमत अशी की २०१६ च्या तक्त्यात ट्रॅमाडॉलचा गुणक ०.१ होता. तो घेतला तर हीच बेरीज ८६ येते, म्हणजे रेघेच्या अलीकडे. रुग्ण तोच, गोळ्या त्याच, तक्ता बदलला आणि उत्तर वीसने फिरलं. हे मी तक्त्याला हसण्यासाठी लिहीत नाही. हा आकडा म्हणजे धोक्याचा अंदाज आहे, रक्तातली पातळी नव्हे, हे लक्षात राहावं म्हणून लिहिते. २०२२ मध्ये सीडीसीने ९० ची ती ठाम रेघ सैल केली, कारण मधल्या काळात अनेक ठिकाणी आकड्याकडे बोट दाखवून वर्षानुवर्षं स्थिर असलेल्या रुग्णांची औषधं तडकाफडकी कमी केली गेली आणि त्यातून भलतंच नुकसान झालं. बेरीज करा म्हणताना मला तो प्रकार पुन्हा नको आहे. बेरीज प्रश्न विचारण्यासाठी असते.

आणखी एक ठिकाण आहे जिथे हा तक्ता चुकीच्या कामाला लावला जातो: एक ओपिऑइड बंद करून दुसरं सुरू करताना. मॉर्फिनला सरावलेलं शरीर ऑक्सिकोडोनला किंवा हायड्रोमॉर्फोनलाही तेवढंच सरावलेलं असेल असं नाही. म्यू रिसेप्टरच्या एकाच जनुकातून त्याची अनेक रूपं तयार होतात आणि प्रत्येक औषधाचं त्यांच्याशी जमणं थोडं निराळं असतं, हे त्याचं एक संभाव्य कारण मानलं जातं. व्यवहारात याचा अर्थ असा की तक्त्याने आलेली मात्रा २५ ते ५० टक्क्यांनी उतरवूनच नवं औषध सुरू करायचं. जुनं औषध पूर्ण उतरायच्या आत नवं पूर्ण ताकदीने दिलं गेलं, तर तुमच्या मनात जी अदलाबदल आहे ती त्या मधल्या दिवसांत शरीराच्या दृष्टीने बेरीजच असते. मेथाडोनच्या बाबतीत तर साधा गुणाकार करूच नये. जितकी आधीची मात्रा मोठी, तितकं मेथाडोन प्रमाणापेक्षा जास्त प्रभावी ठरतं.

आता प्रश्न येतो की दोन ओपिऑइडचा परिणाम साध्या बेरजेइतकाच असतो, की जास्त? याचं प्रामाणिक उत्तर म्हणजे, जोडीवर अवलंबून आहे. औषधशास्त्रात हे तपासायची जुनी रीत आहे. दोन औषधांच्या वेगवेगळ्या मिश्रणांनी तोच परिणाम मिळतो ते बिंदू आलेखावर मांडायचे. ते सरळ रेषेवर पडले तर साधी बेरीज, रेषेच्या खाली पडले तर दोघं एकमेकांना बळ देतात. २००२ मध्ये उंदरांवर असा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मेथाडोन आणि मॉर्फिनची जोडी बेरजेपेक्षा जास्त वेदनाशामक ठरली. पण मेथाडोन आणि फेन्टानिल, किंवा मेथाडोन आणि ऑक्सिकोडोन, यांत ते बळ दिसलं नाही. तीनही जोड्या कागदावर सारख्याच: दोन म्यू ओपिऑइड. मग निकाल वेगळे का, याचं उत्तर रिसेप्टरच्या त्या उपरूपांमध्ये शोधलं जातंय.

यावरून एक मोह निर्माण होतो, आणि तो काही नवा नाही. दोन ओपिऑइड अर्धे-अर्धे दिले तर वेदना तेवढीच कमी होईल आणि त्रास निम्मा होईल, हा तो मोह. मॉर्फिन आणि ऑक्सिकोडोन एकाच कॅप्सूलमध्ये घालून हाच दावा घेऊन एक कंपनी अमेरिकेच्या एफडीएकडे, म्हणजे औषधांना मान्यता देणाऱ्या संस्थेकडे गेली होती. २०१४ मध्ये सल्लागार समितीच्या सर्व १४ सदस्यांनी विरोधात मत दिलं, आणि औषधाला मान्यता मिळाली नाही. एकाच औषधाची तुल्यबळ मात्रा दिल्याच्या तुलनेत मिश्रणाने श्वासाला धोका खरोखर कमी होतो, हे त्यांना दाखवता आलं नाही. खरं तर अफू हेच निसर्गाचं तयार मिश्रण. त्यात मॉर्फिन आहे, कोडीन आहे, थेबाइन, पापाव्हेरिन, नॉस्कापिनही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यातून मॉर्फिन वेगळं काढता आलं, आणि त्याचं मोठं मोल हे की पहिल्यांदाच डॉक्टरला नेमकं काय आणि किती दिलं हे सांगता आलं. आपण चार चिठ्ठ्यांमधून पुन्हा अफूकडे जातोय असं मला कधीकधी वाटतं, फरक इतकाच की हे मिश्रण कुणी तयार केलं ते कुणालाच ठाऊक नसतं.

बेरीज जिथे साफ फसते तो भाग आता.

ब्युप्रेनॉर्फिन हे ओपिऑइड म्यू रिसेप्टरवर अर्धवट काम करतं, पण त्याला धरून ठेवतं घट्ट. काम थोडं, खुर्ची मात्र सोडायची नाही, अशातली गत. निरोगी स्वयंसेवकांवरच्या अभ्यासांत असं दिसलं की त्याची मात्रा वाढवत नेली तरी श्वास मंदावण्याला एका टप्प्यावर कमाल मर्यादा येते. म्हणून ते एकटं असताना तुलनेने सुरक्षित. पण मॉर्फिन किंवा मेथाडोन रोज घेणाऱ्याला ते घाईने दिलं, तर ते आधीच्या औषधाला रिसेप्टरवरून हटवतं आणि रुग्ण तासाभरात घाम, उलट्या, थरथर, पोटात पिळवटणं अशा विथड्रॉवलमध्ये, म्हणजे सवयीचं औषध तुटल्याच्या त्रासात जातो. इथे दोन ओपिऑइड मिळून वजाबाकी झाली. म्हणून ते सुरू करण्याआधी विथड्रॉवलची लक्षणं दिसू लागेपर्यंत थांबायचं असतं: कमी वेळ टिकणाऱ्या औषधांनंतर साधारण १२ तास किंवा जास्त, मेथाडोननंतर त्याहून बरंच अधिक. याला अपवाद म्हणून २०१६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्नहून एक पद्धत पुढे आली. जुनं औषध चालू ठेवून ब्युप्रेनॉर्फिन अगदी कणाकणाने वाढवायचं. म्हणजे हीच धोक्याची जोडी, वेग बदलला की उपचार होते. मात्रा आणि वेळ न लिहिता 'ही दोन औषधं एकत्र चालतात का?' असं मला फोनवर विचारलं जातं तेव्हा म्हणूनच मी लगेच उत्तर देत नाही.

उलट बाजूनेही हे लक्षात ठेवा. ब्युप्रेनॉर्फिनवर असलेल्या रुग्णाचं ऑपरेशन असेल तर पूर्वी ते आधीच बंद करायची रीत होती. आता बहुतेक ठिकाणी चालू ठेवतात आणि वर लागेल तसं दुसरं वेदनाशामक देतात. ते लागू पडतं, मात्र नेहमीपेक्षा जास्त लागू शकतं, आणि मग सगळ्यांची नजर वेदनेवर असताना श्वासावरही कुणीतरी नजर ठेवायला हवी. जर मधेच ब्युप्रेनॉर्फिन उतरलं आणि वाढवलेली मात्रा तशीच राहिली, तर काय होईल ते तुम्हाला मी सांगायला नको.

पेन्टाझोसिन, ब्युटॉरफॅनॉल, नाल्ब्यूफिन या ओपिऑइड वेदनाशामकांची जात आणखी वेगळी. कॅपावर चालना देतात, म्यूवर थोडं काम करतात किंवा अडवतात. रोज मॉर्फिन घेणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला रात्रपाळीत कुणी 'दुखतंय म्हणून एक इंजेक्शन' या हिशेबाने पेन्टाझोसिन दिलं, तर वेदना वाढू शकते, वर विथड्रॉवल. मग पुढच्या पाळीतला डॉक्टर वाढलेली वेदना बघून मॉर्फिन वाढवतो, आणि पेन्टाझोसिनचा अंमल उतरला की ती वाढीव मात्रा उघडी पडते. फाइल वाचणाऱ्याला यातली एकही नोंद विचित्र वाटणार नाही. हे टाळायला काहीही खर्च येत नाही. नियमित मॉर्फिन चालू असलेल्या रुग्णाच्या केसपेपरवर ठळक लिहायचं की ही औषधं देऊ नयेत.

नॅल्ट्रेक्सोन, म्हणजे ओपिऑइडला रिसेप्टरवर अडवणारं औषध, घेणाऱ्यांबद्दल थोडक्यात. महिन्यातून एकदा मिळणाऱ्या इंजेक्शनचा अंमल असताना ओपिऑइड लागू पडत नाही, म्हणून मात्रा वाढवत बसणं घातक. आणि अंमल संपला की शरीराची जुनी सवय मोडलेली असते. पूर्वीची नेहमीची मात्रा मग जीवघेणी ठरू शकते. व्यसनमुक्ती केंद्रातून किंवा तुरुंगातून बाहेर पडल्यावरच्या पहिल्या काही आठवड्यांत मृत्यूचं प्रमाण वाढतं, त्यामागेही हेच असतं.

काही जोड्यांमध्ये गडबड म्यूच्या बाहेर होते, आणि तिथे मॉर्फिन-समतुल्य आकडा काहीच सांगत नाही. ट्रॅमाडॉल सेरोटोनिन आणि नॉरएड्रेनालिनही वाढवतं. त्याला पेथिडिन या दुसऱ्या ओपिऑइडची किंवा मेथाडोनची जोड मिळाली, शिवाय नैराश्यावरची गोळी चालू असली, तर सेरोटोनिन सिंड्रोमचा, म्हणजे सेरोटोनिन भलतंच वाढून ताप, थरथर, गोंधळ होण्याचा धोका वाढतो. ट्रॅमाडॉलने फिट येऊ शकते, पेथिडिनचा नॉरपेथिडिन हा अवशेष किडनी अधू असेल तर साचतो आणि त्यानेही फिट येते. मेथाडोन ईसीजीवरचा क्यूटी काळ लांबवतं, त्याने हृदयाची लय बिघडू शकते. ज्या लोपेरामाइडचा उल्लेख सुरुवातीला केला, ते रक्तातून मेंदूत शिरताना सीमेवरूनच परत ढकललं जातं, म्हणून त्याने गुंगी येत नाही आणि ते बेरजेत धरलं जात नाही. पण आतड्यात ते पॅच आणि ट्रॅमाडॉलच्या मदतीलाच धावतं. बद्धकोष्ठाला शरीर फारसं सरावत नाही. अशा रुग्णाचं पोट फुगून तो भरती झाला तर कारण शोधण्याआधी औषधांची पिशवी उघडा, ही माझी विनंती. आणि लोपेरामाइडच्या भलत्याच मोठ्या मात्रेने हृदयाची लय बिघडते, असा इशारा एफडीएने २०१६ मध्ये दिला आहे.

कधीकधी तिसरंच औषध बेरीज बदलतं. फेन्टानिल यकृतात ज्या एन्झाइमने मोडतं, ते क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकने किंवा इट्राकोनॅझोल या बुरशीवरच्या औषधाने अडतं. पॅच तोच, रक्तातली पातळी चढते. कोडीन आणि ट्रॅमाडॉल यांना सक्रिय करणारं एन्झाइम पॅरॉक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन ही नैराश्यावरची औषधं रोखतात. मग औषध लागू पडत नाही, डॉक्टर दुसरं ओपिऑइड जोडतो, आणि पुढे कधीतरी ती नैराश्याची गोळी बंद होते, मग दोन्ही ओपिऑइड एकदम लागू पडतात. काही माणसांत हे एन्झाइम जन्मतःच अतिवेगवान असतं. टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर कोडीन दिलेल्या अशा काही मुलांचे मृत्यू झाल्यावर २०१३ मध्ये एफडीएने कडक इशारा दिला, आणि २०१७ मध्ये १२ वर्षांखालील मुलांना कोडीन आणि वेदनेसाठी ट्रॅमाडॉल देण्यास मनाई केली. लहान मुलाच्या खोकल्याच्या सिरपकडे मी त्यामुळेच दोनदा बघते.

सगळ्यात कमी लक्ष जातं ते वेळेकडे. आपण मात्रा बेरजेत धरतो, घड्याळ धरत नाही. पॅच काढून टाकला म्हणजे फेन्टानिल संपलं असं नाही. कातडीखाली साठा राहतो, रक्तातली पातळी निम्मी व्हायला १७ तास किंवा त्याहून अधिक लागतात. पॅच सकाळी काढला आणि दुपारपासून मॉर्फिन पूर्ण मात्रेत सुरू केलं, तर संध्याकाळी दोन्ही हजर. शिवाय ताप किंवा गरम पाण्याची पिशवी पॅचमधून जास्त औषध ओढते. मेथाडोनची वेदना कमी करण्याची ताकद चार ते आठ तास, पण शरीरातला मुक्काम कितीतरी लांब. अर्धआयुष्य, म्हणजे पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ, ८ ते ५९ तास. रुग्णाला पुन्हा दुखतं, म्हणून वर दुसरं काही दिलं जातं, तेव्हा आधीचं मेथाडोन अजून साचत असतं. म्हणून मेथाडोन सुरू केल्यावर धोका पहिल्या दिवशी संपत नाही, तो त्यानंतरच्या काही दिवसांत चढत जातो.

भूलतज्ज्ञांसाठी खास एक गोष्ट. पाठीच्या कण्यात दिलेलं मॉर्फिन. मात्रा इतकी बारीक की वॉर्डातल्या कुणाला ती मात्रा वाटतच नाही. पण ते पाण्यात विरघळणारं, मज्जारज्जूच्या द्रवातून सावकाश वर सरकतं आणि श्वास मंदावणं कित्येक तास उशिराही होऊ शकतं. म्हणूनच त्यानंतर निदान २४ तास श्वासावर लक्ष ठेवावं असं तुमच्याच संघटनांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. प्रत्यक्षात ती नोंद ऑपरेशन थिएटरच्या भूलपत्रकावर राहते, आणि वॉर्डातल्या औषधतक्त्यावर फक्त रात्री दहाचं ट्रॅमाडॉल दिसतं. भूलपत्रकावरचं ओपिऑइड वॉर्डच्या तक्त्यावर वेळेसकट उतरलं पाहिजे. हे काम सिस्टरचं नाही, देणाऱ्याचं आहे.

श्वासाबद्दल वॉर्डात आणि घरी एक गैरसमज पक्का बसलेला आहे, तो म्हणजे ऑक्सिजनचा आकडा चांगला आहे ना, मग सगळं ठीक. ओपिऑइड मेंदूची कार्बन डायऑक्साइडला दाद देण्याची क्षमता बोथट करतं. नाकाला ऑक्सिजन लावलेला असेल तर बोटावरचं यंत्र ९८ दाखवत राहील आणि आत कार्बन डायऑक्साइड चढत जाईल. आधी येते ती ग्लानी. हाक मारल्यावर डोळे उघडून वाक्य अर्धवट सोडून पुन्हा झोपणारा माणूस हा यंत्राआधीचा इशारा असतो. घरच्यांना तर आपण काहीच सांगत नाही. 'कधी नव्हे ते छान घोरत झोपलेत' या वाक्यातला आनंद मी ऐकला आहे. पॅच लावलेला, वर गोळ्या घेतलेला माणूस नेहमीपेक्षा वेगळा, जड, तुटक घोरत असेल तर त्याला हलवून जागं करून बघायचं असतं, आणि जागा होत नसेल तर ताबडतोब मदत बोलवायची असते. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणं, शुद्ध हरपणं, श्वास मंदावणं ही तीन लक्षणं घरातल्या एका माणसाला तरी पाठ हवीत.

सरावाबद्दलही फसगत होते. वेदनाशमन आणि धुंदी यांना शरीर लवकर सरावतं, श्वास दबण्याला तितक्या वेगाने नाही. 'इतकी वर्षं घेतोय, त्याला काय होतंय' हे म्हणणं म्हणून अर्धंच खरं आहे. त्यात झोपेची गोळी, चिंतेवरची बेन्झोडायझेपिन किंवा दारू आली की उरलेलं अर्धंही जातं. ओपिऑइड आणि बेन्झोडायझेपिन एकत्र देण्याबद्दल एफडीएने २०१६ मध्ये चौकटीतला, म्हणजे सर्वांत कडक इशारा दिला, आणि गॅबापेन्टिन, प्रीगॅबालिन या नसांच्या दुखण्यावरच्या औषधांबद्दल २०१९ मध्ये श्वास मंदावण्याचा इशारा दिला. ब्युप्रेनॉर्फिनच्या ज्या कमाल मर्यादेचं आपण कौतुक करतो, तीही या संगतीत टिकत नाही.

आता नॅलोक्सोन, म्हणजे ओपिऑइडचा परिणाम उलटवणारं औषध. १९६१ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज झाला, १९७१ मध्ये ते वापरात आलं, आणि आजही श्वास परत आणणारं दुसरं इतकं खात्रीचं औषध नाही. पण त्याचा अंमल ३० ते ९० मिनिटं. मेथाडोन किंवा पॅच त्याहून कितीतरी जास्त वेळ तिथेच असतात. रुग्ण उठून बसला, बोलू लागला, घरी जायचं म्हणाला म्हणून सोडलं, तर नॅलोक्सोन उतरल्यावर तो पुन्हा बुडू शकतो. शरीरात ओपिऑइड एकापेक्षा जास्त असतील तेव्हा निरीक्षणाचा काळ त्यातल्या सर्वांत लांब टिकणाऱ्यावरून ठरवायचा, इतका साधा हा नियम आहे. ब्युप्रेनॉर्फिनला हलवायला नॅलोक्सोन जास्त लागतं, ट्रॅमाडॉलचा सेरोटोनिनचा भाग त्याने उलटत नाही. तरीही बेरीज ५० च्या वर असेल, किंवा बेन्झोडायझेपिन सोबत असेल, तर जिथे मिळतं तिथे नॅलोक्सोन घरी द्या, आणि ते कसं वापरायचं हे रुग्णाला शिकवू नका, त्याच्यासोबत राहणाऱ्याला शिकवा. बेशुद्ध माणूस स्वतःच्या नाकात फवारा मारू शकत नाही.

इथवर वाचून कुणी म्हणेल, या बाई ओपिऑइडच्या विरोधात आहेत. अजिबात नाही. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०१७ च्या आयोगाने दाखवलं की जगात वर्षाला वाटल्या जाणाऱ्या मॉर्फिन-समतुल्य २९८.५ टन ओपिऑइडपैकी सर्वांत गरीब देशांच्या वाट्याला ०.१ टन येतं. कोट्यवधी माणसं तळमळत मरतात ती मॉर्फिन न मिळाल्यामुळे. उपशामक सेवेत दोन ओपिऑइड एकत्र देणं ही रोजची, योग्य आणि दयाळू गोष्ट आहे. दिवसभराच्या वेदनेसाठी पॅच, आणि मधेच उसळणाऱ्या वेदनेसाठी लवकर लागू पडणारं मॉर्फिन, दिवसाच्या एकूण मात्रेच्या दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपास. ती जोडी सुरक्षित राहते, कारण ती एका माणसाच्या डोक्यातून आलेली असते. उसळणाऱ्या वेदनेच्या गोळ्या किती लागल्या हे त्याला कळतं आणि त्यावरून तो मूळ मात्रा बदलतो. मला भीती वाटते ती त्या जोडीची, जी कुणी ठरवलेलीच नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी टाळता येण्यासारखी इजा कमी करण्याची मोहीम जाहीर केली, तेव्हा तीन ठिकाणांवर बोट ठेवलं होतं: धोक्याच्या परिस्थिती, एकाच वेळी अनेक औषधं, आणि रुग्ण एका हातातून दुसऱ्या हातात जाण्याची वेळ. आपली फाइल तिन्हीत बसते. आणि उपाय महाग नाही. डिस्चार्ज कार्डवर एक ओळ वाढवा. त्यात सध्या चालू असलेली सगळी ओपिऑइड, पॅच आणि सिरपसकट, मग ती कुणीही दिलेली असोत. त्यापुढे दिवसाची एकूण मॉर्फिन-समतुल्य मात्रा. त्यात ब्युप्रेनॉर्फिन, पेन्टाझोसिन किंवा मेथाडोन असेल तर आकड्याऐवजी त्याचं नाव ठळक, कारण तिथे आकडा फसवतो. शेवटचा डोस किंवा पॅच बदलल्याची वेळ. आणि या बेरजेला जबाबदार असलेल्याचं नाव.

रुग्णाला विचारताना 'काही औषधं चालू आहेत का?' असं विचारू नका. उत्तर 'नाही' असंच येतं, कारण पॅचला कुणी औषध म्हणत नाही आणि सिरपला तर नाहीच. कातडीवर काही चिकटवलंय का, खोकल्याचं काही घेता का, पोटासाठी काही, कुणा नातेवाइकाची उरलेली गोळी, बाहेरून मिळवलेलं काही, असं एकेक नाव घेऊन विचारा, आणि शेवटचा प्रश्न विचारताना आवाजात फिर्याद नको. रस्त्यावर मिळणाऱ्या मालात आज फेन्टानिल असू शकतं, नायटाझिन हे प्रयोगशाळेत बनवलेलं जबर ओपिऑइडही असू शकतं, आणि घेणाऱ्याला ते माहीत नसतं. दटावलं तर तो पुढच्या वेळी सांगणार नाही आणि तुमची बेरीज कायमची चुकेल.

फार्मासिस्टनाही माझं सांगणं आहे, आपणही निर्दोष नाही. दुसरं ओपिऑइड दिसल्यावर फोन न करता पाकीट पुढे सरकवणं सोपं असतं, कारण डॉक्टर फोनवर चिडतात. चिडू द्या. आणि डॉक्टरांनो, तसा फोन आला तर 'मी जे लिहिलंय तेच द्या' असं म्हणण्याआधी एकच प्रश्न विचारा: बाकी कोण काय देतंय? त्याचं उत्तर आमच्याकडे असतं. उद्यापासून तुमच्या वॉर्डातून जाणाऱ्या कार्डवर ती ओळ असेल, तर ती तपासून सही करायला माझ्या व्यवसायातला माणूस तयार आहे. ओळ रिकामी आली तर ते कार्ड मी परत वर पाठवेन, आणि रुग्णाला तेवढा वेळ बाकावर बसायला सांगेन.

कळावे,
आपली विश्वासू,
एक क्लिनिकल फार्मासिस्ट